बेस गिटारचा ॲम्प आणि बँडमधला आवाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बेसवाले विचारतात, आणि बेसवाल्यावर वैतागलेले गिटारवाले, गायकही विचारतात. उत्तरं देताना चार तारांचा बेस, ड्रम, एक-दोन गिटार आणि गाणारं कुणीतरी, एवढा बँड डोळ्यांसमोर ठेवला आहे.

घरी ॲम्प झकास वाजतो. बँडमध्ये मात्र बेस नुसता घुमतो, सूर कळतच नाही. असं का?

कारण घरी तुम्ही एकटे असता. एकट्याने वाजवताना सगळ्यांचे हात एकाच वळणावर जातात: बेसचं (खालच्या आवाजाचं) बटण वर, ट्रेबल (वरचा) थोडं वर, मिड (मधला) खाली. आवाज भरदार आणि गुळगुळीत लागतो. त्यातून आवाज बारीक ठेवलेला असला की कानाला खर्ज मुळातच कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणून घरी आपण खर्ज आणखी चढवून ठेवतो.

आता तोच ॲम्प, तशीच बटणं ठेवून, ड्रमशेजारी मोठ्याने लावा. चढवलेला खर्ज अंगावर येतो, वरची चकाकी झांजा खाऊन टाकतात, आणि कुठला सूर वाजतोय हे सांगणारा मधला भाग तर तुम्हीच काढून टाकलेला असतो. मग हात मास्टरकडे, म्हणजे एकूण आवाजाच्या बटणाकडे जातो. घुमणं वाढतं, सूर तरीही कळत नाही. गिटारवाला चिडून त्याचा ॲम्प वाढवतो, आणि तालमीच्या पुढच्या दोन तासांची माती होते.

एकट्याने ऐकताना थोडा नाकातून बोलल्यासारखा, खरबरीत वाटणारा आवाज बँडमध्ये बहुतेक वेळा नेमका बसतो. हे पटायला मला स्वतःला काही वर्षं लागली. त्यामुळे ईक्यू, म्हणजे हीच बेस-मिड-ट्रेबलची बटणं, लावायचा तो बाकीचे वाजवत असताना. शांत खोलीत लावलेला ईक्यू घरापुरता.

मग ईक्यूची सुरुवात कुठून करायची?

सगळी बटणं मध्यावर ठेवून. आणि वाढवण्याआधी कमी करून बघायचं.

थोडे आकडे माहीत असले की हात आंधळेपणाने फिरत नाही. मोकळी ई तार ४१ हर्ट्झला वाजते, ए ५५ ला, डी ७३ ला, जी ९८ ला. पाच तारांच्या बेसची खालची बी ३१ च्या आसपास. पण मोकळी ई वाजवल्यावर कानावर येतं ते फक्त ४१ नसतं. ८२, १२३, १६५ असे तिचे वरचे स्वरांश असतात, आणि कित्येकदा मूळ स्वरापेक्षा तेच जोरात असतात. बऱ्याच कॅबिनेटांमधून (स्पीकरच्या पेट्या, थोडक्यात कॅब) ४१ हर्ट्झ नीट बाहेरही पडत नाही. वरच्या स्वरांशांवरून आपला मेंदू खालचा सूर भरून काढतो. म्हणजे खालचा सूर स्पष्ट हवा असेल तर त्याच्या वरच्या मजल्याकडे लक्ष द्यायला हवं.

८० ते १२० मध्ये अंग असतं, भरीवपणा असतो. २०० ते ३०० मध्ये गढूळपणा साठतो. खोली लहान असेल तर इथे थोडं कमी केलं की खिडकी उघडल्यासारखं वाटतं. ५०० ते ८०० मध्ये गुरगुर आहे, बेसची ओळख आहे. बँडमध्ये हरवलात तर आधी इथे वाढवून बघा. १ ते २ किलोहर्ट्झला बोटाचा किंवा पिकचा आघात, त्याच्या वर तारांचा खणखणाट. स्लॅप (अंगठ्याने तार आपटून) वाजवणाऱ्यांना तो हवा असतो, बाकीच्यांना थोडकाच.

हाय-पास फिल्टर (ठरलेल्या आकड्याच्या खालचा आवाज कापणारा) असेल तर ३५-४० हर्ट्झवर लावून टाका. पाच तारांचा बेस असेल तर ३० च्या जवळ. त्याच्या खाली संगीत नसतं. तळहात तारेवर आपटल्याचे धक्के आणि स्टेजवरच्या पावलांचे दणके असतात, आणि ते बाहेर ढकलण्यात ॲम्पची ताकद उगाच खर्च होते.

किती वॅटचा ॲम्प पुरतो?

वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, त्यासाठी वॅट दहापट हवेत. २०० चा ॲम्प विकून ३०० चा घेणाऱ्याला फरक कळत नाही तो यामुळेच.

त्यापेक्षा कॅबिनेटची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये ती किती जोरात वाजते, ते बघा. एका कॅबची ९७ डेसिबल आणि दुसरीची १०० असेल, तर दुसरी निवडणं म्हणजे ॲम्पचे वॅट दुप्पट करण्यासारखंच आहे. किंवा तशीच दुसरी कॅब जोडा. हवा ढकलणारे स्पीकर दुप्पट होतात आणि खर्जात जीव येतो. जोरात वाजवणाऱ्या ड्रमरबरोबर, बेसला पीएचा (सभागृहाच्या साउंड सिस्टिमचा) आधार नसताना, ३०० ते ५०० वॅटचं सॉलिड-स्टेट (ट्यूब नसलेलं) हेड, म्हणजे स्पीकर नसलेला नुसता ॲम्प, आणि चार १० इंची स्पीकर यात माझं सहसा भागलं आहे. पीए असेल तर याच्या निम्म्यातही जमतं.

जुन्या जमान्यात गणित वेगळं होतं. १९६९ मध्ये ॲम्पेगने एसव्हीटी आणला. ३०० वॅट ट्यूबचे, आणि त्याच्या जोडीला आठ १० इंची स्पीकरांची कॅब. तेव्हा पीए प्रामुख्याने गायकांसाठी असे, बेसला सगळं सभागृह आपल्याच ॲम्पवर भरावं लागे. आज ते धूड बघून हेवा वाटतो, पण उचलायला माणसं शोधावी लागतात.

१० इंची स्पीकर की १५ इंची?

'पंधराचा खर्ज, दहाचा दणका' हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण त्यावर फार विसंबू नका. कॅबचं आकारमान, पोर्ट आणि स्पीकरची घडण यावर खर्ज जास्त ठरतो. चांगली दोन-दहाची कॅब साध्या पंधराच्या कॅबपेक्षा खाली जाऊ शकते. कानाने निवडा.

एक मात्र पाळा: दोन कॅब असतील तर एकीवर एक ठेवा, शेजारी-शेजारी नको. शेजारी ठेवल्या की बाजूला उभ्या असलेल्यांना मिड कुठे ऐकू येतो, कुठे गायब होतो.

ओहमचं गणित दर वेळी गोंधळात टाकतं. थोडक्यात सांगाल?

कॅबच्या मागची दोन सॉकेट जवळपास नेहमीच समांतर असतात. ८ ओहमच्या दोन कॅब जोडल्या की ॲम्पला ४ ओहम दिसतात. ४ च्या दोन जोडल्या की २. एक ८ ची आणि एक ४ ची, तर साधारण २.७. हेडच्या मागे 'किमान ४ ओहम' लिहिलं असेल तर ४ च्या खाली जायचं नाही. पहिली दोन गाणी सगळं सुरळीत वाटेल, तिसऱ्याला हेड तापून बंद पडेल. त्या वेळी बंद पडलं तर नशीब चांगलं समजायचं, जळलं नाही म्हणून.

ट्यूबचा ॲम्प कॅब न जोडता कधीही चालू करायचा नाही, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. आणि हेड ते कॅब ही जोडणी स्पीकर केबलनेच करायची. गिटारची केबल बाहेरून तशीच दिसते, पण आतली तार बारीक असते. ती तापते, ताकद खाते. स्पीकॉनची (स्पीकरसाठीच असलेल्या, फिरवून बसणाऱ्या प्लगची) सोय असेल तर तीच वापरा, म्हणजे हा गोंधळ होतच नाही.

स्टेजवर ॲम्प कुठे ठेवायचा?

आमच्या एका कार्यक्रमात गाणं एफमध्ये होतं आणि नेमका एफच गायब होत होता. डी तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट ठेवलं की आवाज खड्ड्यात पडल्यासारखा व्हायचा. शेजारचे ई आणि जी मात्र व्यवस्थित. मी तारेला दोष दिला, मग पिकअपला, मग केबल बदलली. शेवटी ड्रमरला जागा हवी होती म्हणून कॅब मागे सरकवली, भिंतीला टेकवली, आणि एफ परत आला.

त्यामागचं कारण असं. खर्ज कॅबमधून फक्त पुढे जात नाही, सगळीकडे पसरतो. स्पीकरपासून मागची भिंत १ मीटरवर असेल तर मागे गेलेला आवाज भिंतीवर आपटून पुढे येईपर्यंत २ मीटर जास्त चालतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर ८६ हर्ट्झच्या लहरीची लांबी ४ मीटर होते, २ मीटर म्हणजे तिची बरोबर अर्धी. पुढून गेलेला आवाज आणि मागून आलेला आवाज एकमेकांना खोडतात. आणि डी तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा एफ? ८७ हर्ट्झ. ईक्यूवर ८० चं बटण कितीही चढवलं तरी हा खड्डा भरत नाही, कारण जितकं पुढे जातं तितकंच मागून येऊन खोडतं.

म्हणून कॅब भिंतीला टेकवा, नाहीतर चांगली दोन-अडीच मीटर पुढे आणा. टेकवली की खर्ज वाढतो, तेव्हा बेसचं बटण उतरवा. कोपऱ्यात ठेवली तर तो आणखी वाढतो आणि बहुधा डोकेदुखी होते.

आता उंची. कॅब जमिनीवर, तुम्ही तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि मिड तुमच्या पोटऱ्यांना ऐकू येतोय. कानाला काही कळत नाही म्हणून तुम्ही आवाज वाढवता आणि समोरच्या तिसऱ्या रांगेतल्यांचे हाल होतात. कॅब खुर्चीवर ठेवा, तिरकी करा, किंवा स्वतः दोन-तीन मीटर लांब उभे राहा. स्टेज लाकडी आणि आतून पोकळ असेल तर ते स्वतःच ढोलासारखं वाजतं. तिथे कॅबखाली जाड फोम घातला तर बराच फरक पडतो.

बेसची लहर लांब असते, म्हणून ती लांब गेल्यावरच 'तयार' होते, हे खरं का?

नाही. ई तारेची लहर साधारण ८.३ मीटर लांब असते हे खरं, पण तिला उलगडायला जागा लागत नाही. लागत असती तर हेडफोनमध्ये बेस ऐकूच आला नसता. लांब गेल्यावर आवाज वेगळा लागतो तो भिंतींवरून परतलेल्या आवाजामुळे, आणि तुमचे कान स्पीकरच्या समोर आल्यामुळे.

किक ड्रम आणि बेस एकमेकांत कालवले जातात. काय करू?

तळमजल्यावर कोण राहणार हे आधी ठरवा. किक ६० च्या आसपास दणकत असेल तर बेसचं अंग १०० च्या जवळ ठेवा आणि खाली थोडं उतरवा. किक कोरडी, टिचकीसारखी असेल तर खालची जागा बेसला मोकळी आहे.

बटणांच्या आधी हात तपासा. निम्म्या वेळा दोष सुराच्या लांबीत असतो. किक वाजून थांबते आणि बेसचा सूर पुढच्या ठोक्यापर्यंत लोळत राहतो, शिवाय न वाजवलेल्या तारा मागे गुणगुणत असतात. सूर कुठे थांबवायचा हे ड्रमरबरोबर ठरवून घ्या. स्नेअरवर सूर तोडून बघा, सगळा बँड जागच्या जागी बसतो.

पीएला आवाज डीआयने द्यावा की कॅबसमोर माइक लावावा?

एकच शक्य असेल तर डीआय, म्हणजे बेसचा सिग्नल केबलने थेट मिक्सरला देणं. स्वच्छ, भरवशाचा, आणि शेजारच्या झांजा त्यात शिरत नाहीत. हेडवर डीआयचं सॉकेट असेल तर तिथलं प्री-पोस्ट (ईक्यूच्या आधी की नंतर) बटण बघा. पोस्टवर असेल तर तुम्ही स्टेजवर ईक्यू हलवला की समोरच्या पीएतही तो हलतो, आणि मिक्सरवर बसलेला माणूस चक्रावतो. प्रीवर ठेवा. तुमचा आवाज ॲम्पच्या ओव्हरड्राइव्हवरच उभा असेल तर पोस्ट, पण मग ते त्याला सांगा आणि नंतर बटणांना हात लावू नका.

दोन्ही वापरता आले तर उत्तम: खालचा भाग डीआयमधून, गुरगुर माइकमधून. इलेक्ट्रो-व्हॉइस आरई२०, सेनहायझर एमडी ४२१, एकेजी डी११२ हे यासाठी नेहमी दिसणारे माइक. यात मेख अशी की डीआयचा सिग्नल लगेच पोचतो आणि माइकला आवाज हवेतून जावा लागतो. ३४ सेंटीमीटरला १ मिलिसेकंद. तेवढ्या उशिराने ५०० हर्ट्झच्या आसपास दोघं एकमेकांना खोडतात, म्हणजे नेमकी ओळखीची गुरगुरच जाते. माइक जाळीजवळ ठेवा, मिक्सरवर पोलॅरिटी (लहरीचा वर-खाली) उलटवून बघा, आणि ज्यात आवाज जाड लागेल ते ठेवा.

हेडचं स्पीकर आउटपुट मिक्सरला कधीही जोडू नका. हे लिहावं लागतंय कारण मी ते होताना पाहिलं आहे.

साउंडवाला सारखा 'ॲम्प कमी करा' म्हणतो. ऐकायचं का?

बहुतेक वेळा, हो. तुमचा ॲम्प गायकाच्या माइकमध्ये शिरतो, ड्रमच्या माइकमध्ये शिरतो, आणि तिथून पुन्हा पीएत जातो. त्याने मिक्सरवर बेसचा फेडर (सरकतं आवाजाचं बटण) शून्यावर आणला तरी सभागृहात बेस घुमतच असतो. त्याच्या हातात काही उरत नाही.

आणखी एक. पीएच्या सबचा (खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा) खर्ज मागे स्टेजवरही येतोच. म्हणजे स्टेजवर खर्ज तुम्हाला फुकट मिळतोय. तुमच्या ॲम्पला फक्त त्यात नसलेलं, म्हणजे मिड आणि आघात, पुरवायचं आहे. ॲम्पवर बेसचं बटण निम्म्यावर आणा, मिड वाढवा, एकूण आवाज उतरवा. तुम्हाला पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येईल आणि तुमची आणि त्याची दोस्तीही होईल.

गेन आणि मास्टर यांत फरक काय?

गेन म्हणजे आत किती घ्यायचं, मास्टर म्हणजे बाहेर किती सोडायचं. कार्यक्रमात जितक्या जोरात वाजवाल तितक्या जोरात वाजवा, क्लिपचा दिवा कधीमधी लुकलुकेल इथवर गेन न्या, आणि थोडा मागे घ्या. साउंडचेकला हळू वाजवून गेन लावणारे लोक पहिल्याच गाण्यात फसतात, कारण समोर माणसं दिसली की हात जड होतो.

ॲक्टिव्ह बेसचा सिग्नल जोरदार असतो, त्यासाठी ॲक्टिव्ह इनपुट किंवा पॅडचं बटण वापरा. त्याची ९ व्होल्टची बॅटरी मरायला टेकली की आवाज आधी फाटतो आणि मग दबतो. बऱ्याच बेसमध्ये जॅक घातलेला असेपर्यंत ती खर्च होत राहते. वाजवून झालं की केबल काढून ठेवा.

कॉम्प्रेसर लागतोच का?

लागतोच असं नाही. जोराचे सूर दाबून आवाज सारखा ठेवणं हे त्याचं काम. बोटं, पिक आणि स्लॅप एकाच गाण्यात वापरत असाल तर उपयोग होतो. ४:१ (मर्यादेच्या वर ४ डेसिबल गेले तर १ च बाहेर), अटॅक (दाबायला लागेपर्यंतचा वेळ) ३० मिलिसेकंदांच्या आसपास, आणि सगळ्यात जोराच्या सुरावर ३ ते ६ डेसिबल दाबलं जाईल इतकं पुरे. अटॅक फार झटपट ठेवला तर सुराची सुरुवातच चिरडते आणि बेस मागे जातो.

डिस्टॉर्शन लावलं की खर्ज पळून जातो. का?

बरेचसे पेडल, विशेषतः गिटारसाठी बनवलेले, खालचा भाग आधीच कापतात. ब्लेंडचं (स्वच्छ आणि फाटका आवाज मिसळणारं) बटण असलेलं पेडल घ्या आणि स्वच्छ आवाज खाली चालू ठेवून वर घाण मिसळा. कॅबला ट्वीटर असेल तर तो उतरवा, नाहीतर माश्या घोंगावल्यासारखं ऐकू येईल.

ॲम्पमधून सतत हम येतो. कसा शोधायचा?

एकेक वस्तू वजा करत. बेसचा व्हॉल्यूम शून्य करा. हम गेला तर दोष बेसच्या बाजूला. तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर शिल्डिंग किंवा अर्थिंग कच्चं आहे. तुम्ही जागच्या जागी वळलात की कमी-जास्त होत असेल तर तो सिंगल कॉइल पिकअपचा स्वभाव आहे. दिव्यांच्या डिमरपासून लांब उभे राहा. डीआयची केबल जोडल्यावरच हम सुरू होत असेल तर तो ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेलं आहे. डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट (त्यातली एक वाट तोडणारं बटण) दाबा.

प्लगची अर्थिंगची पिन काढून हम घालवण्याची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. हम जातो, पण ॲम्पमध्ये दोष निर्माण झाला तर वीज तारांमधून तुमच्या हातात येते, आणि तुमचे ओठ माइकला लागलेले असतात.

गिटारच्या ॲम्पमध्ये बेस वाजवला तर?

अगदी बारीक आवाजात चालतं. वाढवलात की स्पीकर फाटतो. उलटा प्रवास मात्र थाटात झाला आहे: फेंडरचा बेसमन १९५२ मध्ये बेससाठी आला, गिटारवाल्यांनी तो पळवला, आणि पुढे मार्शलच्या पहिल्या ॲम्पचं सर्किट त्याच्यावरूनच बेतलं गेलं.

कानांचं काय?

अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला १५ मिनिटं. तालमीच्या खोलीत झांजांशेजारी उभं राहून हे सहज ओलांडलं जातं. संगीतकारांसाठीचे इअरप्लग घाला. बेस त्यातूनही व्यवस्थित कळतो.

साउंडचेकला नेमकं काय वाजवू?

स्लॅपचं प्रदर्शन नको. ई तार मोकळी, मग पहिला फ्रेट, दुसरा, तिसरा, असं बाराव्यापर्यंत सावकाश चढा. प्रत्येक सूर सारख्या जोराने. एखादा सूर उसळून बाहेर येईल, एखादा बुडेल. उसळणारा कुठला हे लक्षात ठेवा आणि त्याच्या आसपासची पट्टी थोडी उतरवा. बुडणाऱ्यासाठी आधी कॅब सरकवा. मग आजच्या यादीतलं सगळ्यात दणकेबाज गाणं, ड्रमरबरोबर, एक मिनिट. त्या वेळी लांब केबल घेऊन सभागृहाच्या मध्यापर्यंत चालत जा.

रिकाम्या सभागृहात लावलेला आवाज लोक आल्यावर बदलतो. माणसं आणि कपडे वरचा आवाज शोषून घेतात, खर्ज फारसा नाही. म्हणून पहिलं गाणं झालं की मिड जरासा वर, आणि मास्टरला हात नाही.